पासपोर्टाची पूजा

उत्तरेश्वर ढगे यांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं एकच लेथ चालवला. बार्शीकडून आलेला माणूस, बोलणं मोजकं. पण खंडेनवमीला त्यांचं मशीन बघावं! पुसून लख्ख केलेलं, झेंडूची माळ, कुंकवाची पाच बोटं. शेजारचे चिडवायचे, "ढगे, मुंडावळ्या तेवढ्या राहिल्या!"

"ह्यानंच माजी लेक इंजिनेर केली," ढगे म्हणायचे आणि नारळ फोडायचे.

ती लेक नम्रता. कर्वेनगरच्या कॉलेजातून खराडीच्या सॉफ्टवेअर कंपनीत गेली आणि तिथून २००८ साली इंग्लंडात, क्लायंटच्या ऑफिसात. बायको मुक्ताई गेल्यावर क्वार्टर सोडलेले, निवृत्त उत्तरेश्वर तिच्याकडे दोन महिन्यांसाठी आले. त्यातच खंडेनवमी आली.

संध्याकाळी नम्रता घरी आली तेव्हा टेबलावर तिचा जुना लॅपटॉप, ऑफिसचं कार्ड आणि पासपोर्ट ओळीनं मांडलेले होते. पासपोर्ट उघडा. फोटोच्या पानावरचं प्लॅस्टिक कोपऱ्यात आधीच सुटलेलं होतं, तिथून ओलं कुंकू आत पसरलं होतं. तिचा अर्धा चेहरा लाल, खालचे आकडे फुटलेले.

"अप्पा! हे काय केलंत?"

"पूजा. लेथ न्हाई हितं. म्हटलं, तुजी हत्यारं पुजावी."

"पासपोर्ट उघडून?"

"मिटून कशी पुजायची? फोटू आत हाय तुजा."

तिनं कापसानं टिपायला सुरुवात केली, तर नाकही गेलं.

"एकतीस वर्सं लावलं, कुंकवानं लेथ कदी बिगडला न्हाई, बाई."

"तो लोखंडाचा होता, अप्पा!"

नम्रताचा व्हिसा बारा दिवसांत संपत होता. वाढवून घ्यायचा तर पासपोर्ट लागणार. नाहीतर प्रोजेक्ट, दोन वर्षांची मेहनत, सगळं सोडून परत. खराडीतला तिचा मॅनेजर आनंद फोनवर म्हणाला, "चहा सांडला म्हणून लिही. पूजा वगैरे काढू नकोस, मुद्दाम खराब केल्यासारखं वाटेल." मग फोन ठेवता ठेवता, "आणि हो, लवकर कर. क्लायंट थांबणार नाही."

वकिलातीत तारीख मिळेपर्यंत तीन दिवस गेले. ते तीन दिवस ती वडिलांना एकच सांगत राहिली, "होतं असं, अप्पा. जेवा तुम्ही."

खिडकीपलीकडच्या बाईंच्या पाटीवर 'मंदाकिनी' लिहिलं होतं. त्यांनी अर्ज वाचला, मग पान वाचलं.

"टी?"

"येस मॅडम. ऑफिसमध्ये सांडला."

बाईंनी पासपोर्ट उभा धरून मागून टिचकी मारली. शिवणीत अडकलेली एक लाल अक्षत काउंटरवर पडली.

"पुण्याच्या का?" बाई सरळ मराठीत आल्या.

"...हो."

"चहात अक्षता घालायला लागले का हल्ली पुण्यात?"

मागच्या खुर्चीवरून उत्तरेश्वर उठून खिडकीशी आले.

"बाईसाहेब, च्या न्हाई. म्या केलं. पोरीचा दोष न्हाई."

"अप्पा, बसा ना तुम्ही!"

"न्हाई बसत. आमच्यात माल रिजेक्ट झाला की ज्याच्या हातनं झाला त्यो सही करायचा. तीनदा केलीय म्या. सांगा, कुटं करू?"

मंदाकिनीबाईंचा आवाज जरा खाली आला. "काका, तुमची सही चालत नाही. पासपोर्ट तिचा आहे." मग नम्रताकडे वळून, "खरं लिहून आणा. नवा मिळेल. चार-पाच आठवडे."

"माझा व्हिसा नऊ दिवसांत संपतोय, मॅडम."

"मग परतीपुरता कागद देता येईल. भारतात जायचं, नवा तिथं काढायचा."

"आणि परत इकडे यायचं?"

"ते माझ्या हातात नाही."

बाहेर बाकावर बसून तिनं आनंदला फोन लावला. तो दोन मिनिटं नुसता 'अगं पण' म्हणत होता. शेवटी म्हणाला, "टीममधल्या आमोदचा व्हिसा तयार आहे. त्याला पाठवतो. तू ये, इथं बघू काहीतरी." आनंदचं 'बघू' ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं.

उत्तरेश्वर तिच्याकडे बघत होते. "पुन्ना धाडतील ना हिकडं?"

"नाही."

"माज्यामुळं."

'होतं असं, अप्पा' तिच्या ओठांपर्यंत आलं. तिथंच अडलं.

"हो. तुमच्यामुळं."

त्यांनी मान हलवली.

"बरं झालं बोललीस," ते म्हणाले. "तीन दिस हसून वाढत हुतीस. घास उतरत नव्हता."

नम्रता रडली नाही. तिनं परतीच्या कागदाचा अर्ज काढला आणि मांडीवर ठेवून लिहू लागली. कागद वाकत होता, अक्षर बिघडत होतं. उत्तरेश्वरांनी आपल्या कागदपत्रांची फाइल त्याखाली सरकवली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. ती लिहीत राहिली, त्यांच्याकडे न बघता. शेवटच्या रकान्यापर्यंत त्यांनी फाइल हलू दिली नाही.