एकाच बाजूची पत्रं

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सासूबाई निघोजहून आमच्याकडे थेरगावला राहायला आल्या. डॉक्टरांनी टीव्ही बंद केला होता, म्हणून मी जे वाचत होते तेच त्यांना वाचून दाखवू लागले. एकोणिसाव्या शतकातल्या एका लेखकाची पत्रं होती ती, सगळी एकाच मित्राला लिहिलेली. हा गृहस्थ जेवतानाही वाचायचा, एका वेळी चार पुस्तकं उघडी ठेवायचा, आणि प्रत्येक पत्रात त्याचे विषय दोनच: पोट बिघडलंय आणि आणखी पुस्तकं पाठव. मला वाटलं, दुसऱ्या पत्राला सासूबाई घोरायला लागतील. त्या उलट उठून बसल्या.

"मैतर काय म्हणतोय?"

"त्याची पत्रं सापडलीच नाहीत, आई."

"आसं कसं? एकाचंच ऐकून न्याय करायचा व्हय?"

तेव्हापासून मित्राच्या वतीनं त्याच उत्तरं देऊ लागल्या. "जेवताना वाचतो म्हून पोट बिघडतंय. ओवा खा म्हणावं. आन नेलेली पुस्तकं आधी दे, मंग नवी माग."

मी वैतागून म्हटलं, "आई, तो माणूस जाऊन शंभराच्या वर वर्षं झाली."

दुसऱ्या दिवशी पुढचं पत्र उघडलं. ओव्यानं आराम पडल्याचं पहिल्याच ओळीत कळवलं होतं. मी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. सासूबाईंना मात्र काडीचंही नवल वाटलं नाही.

"आन पुस्तकं?"

मी पत्र शेवटपर्यंत चाळलं. आणखी तीन मागितली होती.