साकीनाक्याच्या हौदातले बुडबुडे

साकीनाक्याच्या परबदादांचं नाव आधी लिहितो. सायकलींचे पंक्चर काढणारा हा माणूस त्या दिवशी भेटला नसता, तर मुलुंड ते गोराईच्या खाडीपर्यंतचा हा प्रवास सांगायला मला तोंड राहिलं नसतं. गावच्या वाचनालयाच्या हस्तलिखितासाठी मुंबईचं काहीतरी लिही, असं गुरुजींचं पत्र आलं म्हणून लिहितोय. पाचवीत शाळा सुटलेला माणूस मी, चुका सांभाळून घ्या. मुंबईची मजा मात्र यात सापडणार नाही.

मुलुंडला मी एका शेठजींची लॉरी चालवतो. लष्कराच्या लिलावातली गाडी, माझ्यापेक्षा जास्त जग पाहिलेली. चैत्र संपत आला होता. शेठजींनी सकाळी सांगितलं की गोराईचा एक ख्रिस्ती माणूस इथे खाणीवर तापाने गेला, त्याची शवपेटी बोरिवलीच्या खाडीवर पोचवायची. गोराई खाडीपलीकडे आहे, तिथे तरीने (माणसं पार नेणाऱ्या होडीने) जावं लागतं. आदल्या दिवशी गेलेला माणूस, वर असं ऊन. आज माती होणं भागच होतं.

त्याची बायको आग्नेसबाई पुढे माझ्या शेजारी बसली. मांडीवर मेणबत्त्यांचं पुडकं. निघताना एवढंच बोलली, "भाऊ, चारनंतर पानी उतरतं. मंग होडी लागाची नाय."

मी म्हटलं, पोचवतो. आणि तेव्हा मला माहीत होतं की गाडीखाली पाणी टपकतंय.

पहाटेच दिसलं होतं. शेठजींना सांगितलं तर माझ्यावरच येईल म्हणून गप्प बसलो. आमच्यातल्या जुन्या ड्रायव्हरांचा एक उपाय आहे. रेडिएटर (इंजिनाचं पाणी निववणारी जाळीची टाकी) गळायला लागला की त्यात हळद टाकायची. ती फुगते आणि बारीक भोक बुजतं. चमचाभर पुरते. मी भीतीपोटी आईने दिलेली सबंध पुरचुंडी त्यात रिकामी केली.

आग्रा रोडने घाटकोपर येईपर्यंत टपकणं कमी झालं होतं. मनात आईच्या पाया पडलो. कुर्ल्याला अंधेरीच्या रस्त्याला लागलो आणि इंजिन तापायला लागलं. साकीनाक्याच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ आली, गाडी कण्हली आणि उभी राहिली. घाईने झाकण उघडायला गेलो तर उकळतं पिवळं पाणी मनगटावर आलं. चहूकडे सुकलेली खाचरं, उघड्या टेकड्या, एक तबेला (म्हशींचा मोठा गोठा) आणि पत्र्याचं एक सायकल दुकान. आग्नेसबाई खाली उतरली नाही. मागच्या फटीतून पेटीकडे बघत राहिली. मला रागावली असती तर बरं वाटलं असतं.

दुकानातून पन्नाशीचा एक माणूस हात पुसत आला. परब त्यांचं नाव, मालवणकडचे, आधी गिरणीत होते. बॉनेटवरचे पिवळे ओघळ बघून म्हणाले, "हळद लावलंस, मगे नवरी रडतली नाय तर काय?"

ते मागे गेले, पेटी बघितली आणि डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली. कुठे नेतोस, किती वाजता पोचायचंय, एवढंच विचारलं. मग म्हणाले, "माका मोटारीतला काय कळणा नाय. भोक मात्र कळता."

गाडी निवेपर्यंत त्यांनी माझ्या मनगटाला खोबरेल लावलं आणि जबरदस्तीने भाकरी नि सुक्या बांगड्याचा तुकडा खायला दिला. आपल्याकडे कोण खातं बांगडा? पण खाल्ला. मग दोघांनी मिळून रेडिएटर सोडवला. तो उलटा धरून खालच्या नळीतून पाणी ओतलं तेव्हा वरून हळदीचा गाळ पडला, पिठल्यासारखा घट्ट. भोक बुजायचं ते बुजलं नव्हतंच, पाण्याच्या आतल्या वाटा मात्र तुंबल्या होत्या. आईची हळद मातीत पडत होती आणि मी बघत होतो.

पुढचं काम त्यांनी सायकलच्या ट्यूबसारखंच केलं. रेडिएटरची तोंडं लाकडाच्या खुंट्या नि चिंध्या ठोकून बंद केली, एकात सायकलचा व्हॉल्व्ह बसवला आणि सगळं धूड तबेल्यातल्या म्हशींच्या हौदात बुडवलं. मी हलके हलके पंप मारायचा, त्यांनी पाण्यात बघायचं. तबेल्याचा भय्या म्हशींना काठीने मागे रेटत होता. आधी काहीच नाही. मग खालच्या सांध्यापाशी बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. परबदादांनी तिथे खिळ्याने खूण केली. कोळशावर लोखंड तापवून, नवसागर लावून कथलाचा डाग (वितळलेल्या धातूचा जोड) दिला. पुन्हा बुडवलं. दुसऱ्या जागी एक बुडबुडा. पुन्हा डाग. तिसऱ्या वेळी पाणी स्वस्थ राहिलं. रबरी नळीला चीर होती, तिच्यावर ट्यूबच्या पट्ट्या आवळल्या.

सगळं बसवून होईतो अडीच वाजून गेले होते. मी चावी फिरवणार तर ते दुकानाला फळ्या लावून, पाण्याचे दोन डबे घेऊन गाडीत चढत होते. तुम्ही कशाला, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"बापूस गेलो तेव्हा पावसान बोटी बंद. पोचलंय तेव्हा बारावो दिस." डबे पायाशी ठेवत म्हणाले, "मगे गावाक गेलंयच नाय. खयच्या तोंडान जातलंय?"

अंधेरीला थांबून पाणी बघितलं. गोरेगावला विहिरीवर थांबून बघितलं. डाग धरून होता. बोरिवलीच्या धक्क्यावर (होडी लागते त्या दगडी ओट्यावर) पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते आणि पाणी मागे हटलेलं होतं. होडी दूर उभी, मध्ये नुसता काळा चिखल. गोराईची दोन माणसं चिखल तुडवत आली. पेटीला चार खांदे हवे होते. मी एका कोपऱ्याला लागलो, परबदादा धोतर खोचून दुसऱ्याला. मांडीपर्यंत पाय रुतत होते. खांद्याला लाकडाचा ठोका बसला तरी त्यांनी कोपरा खाली येऊ दिला नाही. होडीत पेटी ठेवल्यावर हात लगेच काढलाही नाही.

आग्नेसबाईने माझ्या भाजलेल्या मनगटाला हात लावला आणि होडीत बसली. दिवस मावळताना पलीकडून चर्चची घंटा ऐकू आली. ती थांबेपर्यंत आम्ही दोघं धक्क्यावर उभे होतो. परतताना परबदादा दुकानापाशी उतरले तेव्हा पायांवरचा चिखल वाळून पांढरा झाला होता.

शेठजींना मी सगळं खरं सांगितलं. ते बोलायचं ते बोलले. तेव्हापासून मी त्यांच्या गाड्या धुतो, चालवायला दुसरा आहे. पुन्हा चाक हातात येईल की नाही, कोण जाणे. संध्याकाळी एकटा बसलो की पेटीकडे बघणारी ती बाई आठवते, आणि वाटतं, सकाळीच बोललो असतो तर होडी धक्क्याला लागली असती.

पण कधीतरी माझ्या हाती गाडी येईल. त्या गाडीची पहिली फेरी परबदादांच्या गावची. त्यांना शेजारी बसवून त्यांच्या बापाच्या दारापर्यंत नेईन. आणि निघण्याआधी खाली वाकून बघेन. थेंब जरी टपकताना दिसला, तरी आधी त्यांना सांगेन.