दिव्याचं बटण

युरो येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या प्रयोगशाळेत मी दिवसभर तांब्यातून, चिनी मातीतून, रबरातून किती उष्णता आणि किती वीज जाते ते मोजत असे, आणि त्याचा मला भारी तोरा होता. मुलगी महिन्याची झाली होती. बाळंतपणासाठी पुण्याहून आई आली होती.

एका शनिवारी सकाळी नळाला गरम पाणी येईना. घरमालक म्हणाला, सोमवारी बघू. बाळाची अंघोळ चुकवायची नाही, हा आईचा हट्ट. मग मी बॅगेच्या तळाशी पडलेला, पुण्याहून आणलेला पाणी तापवायचा रॉड काढला. त्याची जाड थ्री-पिन इथल्या सॉकेटात बसेना, म्हणून स्वस्तातला अडॅप्टर लावला. त्यात अर्थिंगला जागाच नव्हती. ते मला दिसलं होतं. दहा मिनिटांचा तर प्रश्न, असं म्हणून मी सोडून दिलं. त्या बेफिकिरीची आजही चीड येते.

स्टीलच्या मोठ्या पातेल्यात रॉड सोडून पातेलं बाथरूममधल्या स्टुलावर ठेवलं. पाणी बारीक आवाजात गुणगुणायला लागलं. का कोण जाणे, मला ते बरं वाटेना. तरी मी चहा टाकायला गेलो.

पुण्यात आई बटण बंद केल्याशिवाय रॉडच्या पाण्याजवळ जात नसे. इथेही तिने सॉकेटच्या वरचं बटण दाबलं. बाथरूमचा दिवा विझला, तसा रॉडही बंद झाला असं तिला वाटलं. ते दिव्याचंच बटण होतं. इथल्या सॉकेटला बटण नसतं, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून तिने पातेल्याचा काठ धरला.

ती ओरडली नाही. नुसतं पातेलं खडखडत होतं. मी दारात पोचलो तेव्हा तिची बोटं काठावर आवळलेली होती, मान ताठ, डोळे माझ्यावर. बाळाला घेऊन बायको धावत आली. "अरे, आईंना धर ना!" म्हणत तीच पुढे झाली. मी तिला मागे ढकललं. आईला हात लावला नाही. भिंतीला घासत, आईला वळसा घालून सॉकेटापर्यंत गेलो आणि पिन उपटली.

आई वाचली. हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर मी तिला समजावलं, की माणसाचं शरीरही वीज वाहून नेतं, धरलं असतं तर मीही चिकटलो असतो. ती पट्टी बांधलेल्या बोटांकडे बघत होती.

"बरोबरच केलंस तू," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनी मात्र धरलं असतं."

तेही चिकटले असते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.