दाबलेला खोकला
अडुळशाच्या काढ्याचा वास आला की चामोर्शीतली ती दुपार आठवते आणि मला एका जागी बसवत नाही. बाबा ओसरीवर मासोळीचं जाळं सांधत होते, आणि गडचिरोलीहून आलेला एजंट दवाखान्याच्या विम्याचे दोन कागद पुढ्यात मांडून बसला होता; एक स्वस्त, एक महाग. बाबांना वाचता येत नव्हतं. बाजारात नव्या जाळ्याच्या भोकात बोट घालून बघावं तसं त्यांनी विचारलं, "याच्यातून काय काय निसटते, ते सांगा भाऊ." एजंट म्हणाला, "स्वस्तात फक्त अपघात येते. महागात आजारबी येतात, जुना आजार सोडून. घरात कोणाले हाय का?" आत दम्यानं वाकलेल्या आईनं पदर तोंडात कोंबला. तिचा खोकला बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून मी उगाच भांडी वाजवत आत-बाहेर करत होते. बाबांची सुई थांबली. "जिच्यासाठी जाळं घेतो, तेच मासोळी निसटत असन, त घेऊ काऊन?" मग दाराकडे तोंड करून म्हणाले, "खोक वो, मोकळी खोक." आई किती तरी वेळ खोकत राहिली. आज विम्याच्या अर्जात जुन्या आजाराचा रकाना आला, की तो दाबलेला खोकला माझ्याच घशात येऊन बसतो.