मिलिंदच्या नावावर खपवलेली पकड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच नाही. आई अजून मधूनच विचारते — "त्या हरयाणाच्या पोराचा पाय बरा झाला आसंल का रं?" — आणि मी ताटातून मान वर करत नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. की आता पोटात राहत नाही म्हणून? काय ते तुम्हीच ठरवा.

आमच्या कृष्णाकाठच्या भागात कबड्डीच्या स्पर्धा भरल्या की मला उद्घाटनाला बोलावतात. नारळ फोडायचा, मैदानाच्या पाया पडायचं आणि भाषण ठोकायचं. माझं भाषण ठरलेलं असतं — बाहेरचे खेळाडू आणू नका, आपली पोरं घडवा. टीव्हीवर कबड्डी दिसायला लागल्यापासून प्रत्येक मंडळाला हरयाणाचा चढाईपटू हवा झालाय. वडूजकडचं मंडळ असो की जतकडचं, हंगामापुरता एक पाहुणा आणायचा, त्याच्या जिवावर ढाल उचलायची, आणि गावातली पोरं बाकावर बसून टाळ्या वाजवणार. मी हे असं तावातावानं बोलतो की म्हातारी माणसंसुद्धा माना डोलावतात. आणि त्यात खोटं काहीच नाही. फक्त ते माझ्या तोंडून निघतं, एवढीच भानगड आहे.

मी डोक्यानं गरम. लहानपणापासूनच. शाळेत एकाचा दात पाडला होता, आणि घरी येऊन ते कौतुकानं सांगितलं होतं. आमच्या मंडळात वर्षानुवर्षं मुख्य चढाई माझी. मी मधली रेषा ओलांडून आत शिरलो की समोरची पोरं मागं सरायची, आणि त्या मागं सरण्याची मला चटक लागली होती. चटकच म्हणायची — दुसरा शब्द नाही.

मग मंडळाच्या चेअरमननी जगबीरला आणलं.

उंच, सडपातळ, बोलायला एकदम मऊ. चढाई त्याच्याकडे गेली. मला आमचा सराव घेणाऱ्या सरांनी कोपऱ्यात टाकलं — चढाईला आलेल्याचे घोटे धरायला. "तुझा पंजा लोखंडी हाय, तू कोपऱ्यातच शोभतोस," म्हणाले. कर्णधार मीच राहिलो, पण नावाचा. आणि त्या जगबीरची राहायची सोय कुठं केली असेल? आमच्याच घरी! आमची माडी नवीन, खोली रिकामी. सकाळी उठून अंथरुणाची घडी घालायचा, आईला 'माताजी' म्हणायचा, भाकरी दुधात कुस्करून खायचा आणि ताट स्वतः धुवायचा. त्याचं काय चुकत होतं? काही नाही. त्याचाच मला संताप यायचा. रानात ऊस तोडताना कोयता बुडख्यावर घालायचो, तेव्हा समोर कुणाचा पाय दिसायचा, ते विचारू नका.

आणखी एक माणूस यात आहे. मिलिंद. आमच्या बौद्धवाड्यातला, वयानं आमच्यात सगळ्यांत लहान, मधल्या फळीत पकडीला खेळायचा. अंगानं किरकोळ, पण साप तरी काय निसटेल असा निसटायचा. जगबीरनं हे पहिल्याच आठवड्यात हेरलं. सराव संपला की तो मिलिंदला थांबवून घ्यायचा — घोटा अडकला तर कंबर कशी फिरवायची, वजन कुठं टाकायचं, श्वास कुठं धरायचा. मिलिंदला हिंदी धड कळत नव्हती आणि जगबीरला मराठी, पण हातवारे करत दोघं तासन्‌तास मातीत लोळायचे. आणि एका संध्याकाळी सर सगळ्यांच्या समोर म्हणाले, "फुडच्या हंगामात भायेरचा मानूस नगं. चढाईला मिलिंद जाईल."

बघा आता गंमत. बाहेरच्यामुळं आपली पोरं मागं पडतात, अशी बोंब मी तेव्हाही मारत होतो. पारावर, चहाच्या टपरीवर, सगळीकडे. आणि आपलंच एक पोर वर येताना दिसलं — तेही त्या बाहेरच्याच्याच हातानं — तेव्हा माझा जळफळाट झाला. मग 'आपली पोरं' म्हणजे माझ्या मनात कोण होतं? मी. आणि फार तर माझ्या भावकीतले दोघंतिघं. मिलिंद त्यात कधीच नव्हता. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

आमच्या मंडळाची एक रीत आहे. सामन्यात पंचाची शिट्टी असते, सरावात ती नसते. म्हणून सरावात कुणाला पकडलं आणि त्यानं जमिनीवर हात आपटला, की ज्याच्या हातात जे असेल ते त्याच क्षणी सोडायचं. पाय असो, कंबर असो, सोडायचं म्हणजे सोडायचं. त्यावर वाद नाही, हसणं नाही. आमच्याकडं पोरगं पहिल्यांदा मैदानात उतरतं तेव्हा त्याला आधी हे शिकवतात, मग दम धरायला. जगबीरला हे माहीत नव्हतं. त्याच्या गावी तोंडानं ओरडायचे म्हणे. पहिल्या दिवशी त्याचा पंजा हातात धरून, मातीवर आपटून, मीच त्याला ते शिकवलं.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी हलका सराव होता. निम्मा गाव बघायला जमलेला. जगबीर चढाईला आला, माझ्या हातातून निसटला आणि जाता जाता माझ्या डोक्यावर टपली मारून गेला. खेळकरपणानं हो! त्याच्या मनात काही नव्हतं. पण लोक हसले. कडेला बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. माझ्या कानशिलात रक्त ठणकायला लागलं, समोरचं धड दिसेना.

पुढच्या चढाईला त्याचा घोटा माझ्या हातात आला.

मिलिंदनं कमरेला मिठी घातली. जगबीर तोंडावर पडला, तोंड मातीत गेलं. त्यानं हात आपटला. मी सोडला नाही. त्यानं पुन्हा आपटला — जोरात, उघड्या पंजानं, धूळ उडेपर्यंत. मी घोटा छातीशी ओढून घेतला आणि पिळला. वाळलेलं चिपाड मोडावं तसा आवाज झाला. पाय गुडघ्यातून भलतीकडं फिरलेला. आणि मग तो ओरडला. माणसाचं ओरडणं मी त्याआधी ऐकलं होतं, पण असं नाही — चेंगरलेल्या जनावरासारखं, मध्येच तुटलेलं.

सर पलीकडच्या कोपऱ्यातून धावत आले. "कुणामुळं झालं ह्ये?"

त्यांनी विचारलं मला. मिलिंदला नाही. कुणाचा शब्द चालतो, हे सरांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि मिलिंदलाही ठाऊक होतं. मी म्हणालो, "मी कवाच सोडला व्हता सर. मिलिंदनं वरनं उडी घातली."

एवढंच. इतक्या सहज निघालं, की जणू आधीच घोकून ठेवलं होतं.

मिलिंद "न्हाई सर, न्हाई, मी तर —" एवढं म्हणाला, आणि सरांची छडी त्याच्या तोंडावर बसली. मग पाठीवर, मग मांड्यांवर. छडी मोडली तेव्हा सर थांबले, तर चेअरमनची माणसं पुढं झाली. चपला, बुक्क्या, लाथा. कुणीतरी त्याच्या वाड्याचं नाव घेऊन शिवी दिली, मग ती शिवी सगळ्यांच्याच तोंडी आली. त्याचा ओठ फाटला, एक डोळा मिटला. तो पोटाशी गुडघे घेऊन पडला होता आणि माती त्याच्या रक्तानं कालवल्यासारखी झाली होती. मी काय केलं? थांबवलं? छे. मी गर्दीतून पुढं जाऊन त्याच्या बरगडीत एक लाथ घातली. लोकांना वाटलं, दोस्तासाठी पेटला गडी. दोघांनी मला धरून मागं ओढलं, "असूं दे, असूं दे" म्हणून समजूत घातली. मीच त्याला मारायचं आणि समजूतही माझीच!

जगबीरला जीपमधून मिरजेला नेलं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. घामानं भिजलेला, दात वाजत होते. मध्येच डोळे उघडून मला म्हणाला, "भाई, हाथ तो मारा था मैंने।" तक्रार नव्हती त्यात. आपण काही चुकीचं केलं का, असं विचारत होता बिचारा. त्याचं तोंड मातीत होतं ना, पाय कुणी धरून ठेवला हे त्याला दिसलंच नव्हतं. मी म्हणालो, "मिलिंद ने सुना नहीं।" त्यानं डोळे मिटून घेतले. ज्या पोराला त्यानं शिकवलं होतं, त्यानंच आपला पाय मोडला, हे मनात घेऊन तो त्याच्या गावी परत गेला. पुन्हा खेळला नाही. पाय मोडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी सामन्याला निघण्याआधी, मिलिंद सुजल्या तोंडानं दवाखान्याच्या फाटकापर्यंत आला होता, जगबीरला एकदा भेटायचं म्हणून. मीच त्याला तिथून हाकलला.

अंतिम सामन्यात चढाईला मी गेलो. जिंकलो. लोकांनी खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला. 'गावच्या पोरानं ढाल आणली' — तेव्हापासून मी भाषणं करतोय.

मिलिंदनं त्यानंतर मैदानात पाऊल टाकलं नाही. शिरवळला एका कंपनीत आहे असं कळतं. एकदा तिथल्या स्टँडवर समोरासमोर आलो. त्यानं मला ओळखलं, क्षणभर थांबला, आणि मग मी वाटेत पडलेली काहीतरी घाण असावी तसा वळसा घालून निघून गेला. बरोबर केलं त्यानं.

आता राहिलेलं सांगतो. कारण एवढा वेळ मी तुम्हालाही अर्धंच सांगितलं. पाहिलंत ना — कबुली देतानाही मी थोडं राखून ठेवतो. असला माणूस आहे मी.

जगबीरनं पहिल्यांदा हात आपटला, तेव्हा मिलिंदनं त्याची कंबर त्याच क्षणी सोडली होती. तो उठून उभाही राहिला होता. मग त्याला माझे हात दिसले. "आवं दादा, सोडा! हात आपटलाय त्यानं!" असं तो ओरडला. मी ऐकलं. आणखी कुणीतरी ऐकलंच असेल, पण नंतर कुणी बोललं नाही. मी सोडत नाही म्हटल्यावर त्यानं अंग टाकलं — जगबीरवर नाही, माझ्या मनगटांवर. सगळ्या गावाला जी उडी दिसली, ती ही. तो माझी बोटं सोडवत होता. त्याची नखं माझ्या मनगटात रुतली. तेच ओरखडे नंतर मी सरांना दाखवले — बघा, कसा अंगावर आला ते.

एक बोट त्यानं उलगडलं होतं. दुसऱ्याशी झटत होता. आणखी थोडा वेळ मिळता तर पाय सुटला असता, हे मला कळलं, आणि तेवढ्यासाठीच मी दात खाऊन सगळं बळ लावलं आणि पिळला.

तो मोडल्याचा आवाज आला, तेव्हा मला बरं वाटलं होतं.