चिमणीवरचा संशय

पुंडलिकरावांसमोर उपमा द्यायची सोय नव्हती. वांगी लोण्यासारखी आहेत ना, असं कुणी विचारलं की ते वांगं चिरून हातावर ठेवत. "लोनी पायजे असन त डेरीवर जा." अल्लीपूरचा हा भाजीवाला शेतकरी आठवड्यातून दोनदा मोपेडवर टोपल्या बांधून वर्ध्याला आमच्या गल्लीत यायचा. मी मराठीचा मास्तर, म्हणून माझ्यावर त्यांची जरा जास्तच नजर होती. ते गेले, त्याला आता वर्ष होईल.

एखाद्या पुढाऱ्याने भाषणात गावाला आपलं लेकरू म्हटलेलं कानावर आलं, की ते तराजू खाली ठेवायचे. "असं म्हनल्यानं कोनाचं काम सोपं होते, थे पाहा लागते, सर." लेकरू म्हटलं की सवाल विचारायची सोय राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी हौसेने त्यांना रूपक समजावलं होतं. दोन गोष्टी कवी अशा एक करतो की वाचणारा तपासत बसत नाही, तीच तर गंमत. ते म्हणाले, मले त्याचाच भेव वाटते.

माझ्या मुलीचं, मेघनाचं लग्न ठरलं. मंगलाष्टकं घरच्याच माणसाने रचायची आमच्याकडे पद्धत, तेव्हा मीच बसलो. लेक म्हणजे चिमणी. पंख फुटले, उडाली, घरटं मागे राहिलं. छापायला देण्याआधी पुंडलिकरावांना वाचून दाखवली. खोटं कशाला बोलू, कौतुकासाठीच.

"चिमनी वापस नाई येत, सर. पोरीले या लागलं त?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाजी विकणाऱ्याने मला काव्य शिकवू नये, असं मी तोंडावर बोललो. त्याची आजही लाज वाटते. त्यांनी मेथीची जुडी माझ्या पिशवीत टाकली आणि निघून गेले.

मांडवात माझ्या ओळींनी सगळ्यांना रडवलं, आणि मी मूर्ख त्यात धन्य झालो. मेघनाच्या सासूला तर त्या इतक्या आवडल्या, की तिने छापील कागद फ्रेम करून बैठकीत लावला.

दोन वर्षांनी एका सकाळी पुंडलिकराव टोपल्या न घेताच आले. मेघनाचं सासर हिंगणघाटला, आणि तिथल्या बाजारातही ते बसत. ती त्यांना तिथे भेटली होती. मनगट सुजलेलं. नवरा हात उचलतो, हे तिने लपवलं नाही. मग माहेरी का जात नाहीस, असं त्यांनी विचारलं. सासू भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवते म्हणे, तुझ्या बापानंच लिहून दिलंय, उडाली म्हणून.

"आन तिले थे खरं वाटून राह्यलं, सर."

आम्ही दोघं मिळेल त्या एसटीने निघालो. वाटेत मी तिला काय काय बोलायचं ते जुळवत होतो, एकेक वाक्य पुटपुटत होतो. पुंडलिकराव म्हणाले, काई सजवू नका, घरी चाल म्हना.

दार मेघनानेच उघडलं. मी तेवढंच म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

"किती दिवसांसाठी, बाबा?"

"घर तुझं आहे," मी म्हणालो.

तिने पुंडलिकरावांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली, तेव्हा कुठे ती बॅग भरायला आत गेली.