थोरली घरी थांबली

थोरलीच्या खोलीत तिच्याखेरीज काही हजार बाया राहत होत्या. धाकट्या भावाने (कॉलेजातली पोरं त्याला माशीमास्तर म्हणत) मधमाश्यांचं काचबंद पोळं अभ्यासासाठी तिथेच बसवलं होतं. घरात म्हणे तेवढी एकच खोली रिकामी होती. थोरली तिच्यात झोपत असे, ही किरकोळ बाब. मेणाचा गोडसर कुबट वास उशीला, केसांना, सकाळच्या चहालाही. मेलेल्या माश्या केरसुणीने गोळा करताना तिला रोज ओकारी येई.

आई गेल्यापासून भावाला तिनेच वाढवलं, मग त्याची मुलं. त्याबद्दल 'त्याग' हा शब्द तिच्या ताटात तुपासारखा पडत असे.

पोळ्याची चौकट खिळखिळी झाली तेव्हा सुतार आला. विधुर, तोंडाने गरीब. काम एका दिवसाचं. तो महिनाभर येत राहिला. मग त्याने सरळच विचारलं आणि पन्नाशीला टेकलेली थोरली हो म्हणाली.

जेवताना तिने हे सांगितलं तसा भावजयीच्या हातातला डाव पातेल्यात बुडाला.

"वन्सं, या वयात? लोक तोंडात शेण घालतील!"

"घालू देत. त्यांचेच हात घाण होतील."

भावाने घसा खाकरला. म्हणजे आता व्याख्यान. "ताई, माश्या मुळात एकेकट्या राहायच्या. मग कधीतरी एका आईची थोरली लेक घरी थांबली, धाकट्यांना भरवत बसली. त्यातून पुढे एवढं पोळं उभं राहिलं. केवढा त्याग!"

तो शब्द आज तिला शेंबडासारखा चिकट लागला.

"आणि एखाद्या कामकरी माशीने स्वतःचं अंडं घातलं तर?"

भाऊ भात कालवत राहिला.

"तुला ठाऊक आहे, फक्त सांगत नाहीस. बाकीच्या बहिणी ते खाऊन टाकतात. मी उशीवरून बघितलंय. आणि आज या टेबलावरही बघतेय."

भावजयीने घास खाली ठेवला. "शी! जेवताना कसलं बोलता!"

"मी तिथे झोपते गं."

दुसऱ्या दिवशी सुतार हातगाडी घेऊन आला. थोरलीची पेटी गाडीवर चढली. भाऊ दारापर्यंत धावत आला. डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं.

"ताई, पण त्या मेलेल्या माश्या रोज कोण काढणार?"

तिने केरसुणी त्याच्या हातात दिली.

"आता जरा तू त्याग कर."